सरकार कधीच चुकत नाहीत

मी चेलो बोलतोय. दर गुरुवारी संध्याकाळी महालाच्या पिवळ्या दालनातून जो आवाज बाहेर येतो, तो ऐकून तबेल्यातली माणसं म्हणतात, "बघा, बिचारा चेलो रडतोय." मी रडत नाही. मी वैतागलोय. दोन्हींचा आवाज सारखाच येतो, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म प्रागमधला. उल्रिख नावाच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. पाठ मेपलच्या लाकडाची दिली, छाती स्प्रूसची दिली आणि वार्निश सुकेपर्यंत खिडकीत टांगून ठेवलं. रस्त्यानं जाणारे-येणारे मान वर करून बघायचे. तेवढं कौतुक पुढे आयुष्यात कधी वाट्याला आलं नाही.

तिथून मी एका मठात गेलो. मठात ब्रदर सिप्रियान मला वाजवायचा. माणूस जाडजूड, बारा महिने सर्दी, पण हात सोन्याचा. चपलेतल्या अंगठ्यानं तो मात्रा मोजायचा. चेलोनं गप्प राहायची जागा आली की गज मांडीवर ठेवून शांत बसायचा. शिकायला आलेली पोरं तेवढ्यात चुळबुळ करू लागली की त्यांना म्हणायचा, "वाजवायचं नसतं तेव्हा ऐकायचं असतं, गाढवांनो!" त्या मठात मी खरोखर सुखात होतो.

सिप्रियान वारला. त्याच्या जागी वाजवणारं कुणी नव्हतं. नाताळ तोंडावर आला होता, मठाच्या तळ्यातले मासे थंडीनं मेले होते आणि शेजारच्या काउंट झिग्मुंड साहेबांची तळी कार्प माशांनी भरलेली होती. मठाधिपतींनी हिशेब केला. पिंपभर जिवंत मासे मठात आले आणि मी काउंटसाहेबांच्या महालात आलो. माशांचे त्याच आठवड्यात हाल संपले. माझे सुरू झाले.

आमच्या या मुलखात नुसता नोकर कुणी ठेवत नाही. नोकरीला आलेल्याला आधी विचारतात, काय वाजवतोस? मग विचारतात, काय काम येतं? त्यामुळे आमच्या महालात जो मातेय जेवणाच्या टेबलावर सूप वाढतो, तोच पहिलं व्हायोलिन वाजवतो. टोबियास सकाळी सरकारांची, म्हणजे काउंटसाहेबांची, दाढी करतो आणि संध्याकाळी दुसरं व्हायोलिन धरतो. फादर फाबियान महालाच्या चॅपेलमध्ये प्रार्थना घेतात आणि गुरुवारी व्हिओला वाजवतात. चौथे खुद्द सरकार. त्यांच्या पोटऱ्यांमध्ये मी.

सरकार रेशमी मोजे घालतात. रेशमावरून मी सारखा खाली घसरतो, आणि मी घसरलो की सरकार मला गुडघ्यानं असा ढोसतात, जणू मीच उनाडपणा करतोय. त्यांच्या केसांच्या टोपाची पावडर माझ्या अंगावर पडते. तपकीर पडते. एकदा तर तुपकट बोटांनी त्यांनी माझी मान धरली होती, तो डाग अजून आहे. हे सगळं मी सहन केलं असतं. वाजवणाऱ्याचा हात वाईट असला तरी मी सहन करतो, कारण हात सुधारतो. पण सरकारांचा हात वाईट नाहीच. तेच तर दुःख आहे! लांब, गंभीर स्वर ते असा छान ओढतात की माझ्या छातीत गोड कंप उठतो. मग गप्प राहायची जागा येते आणि सगळं मुसळ केरात.

सरकारांना गप्प राहता येत नाही. बाकीचे तिघं वाजवताहेत, आपण काही मात्रा थांबायचं आहे, मग हळूच आत यायचं आहे, एवढं साधं काम. पण वाट बघणं त्यांना जन्मात कुणी शिकवलेलंच नाही. बग्गी त्यांच्यासाठी थांबते, जेवण त्यांच्यासाठी थांबतं, रविवारी फादर फाबियान प्रार्थनासुद्धा त्यांच्यासाठी थांबवून ठेवतात. संगीत मात्र थांबत नाही. मग ते पाहुण्यांकडे बघून मान डोलावतात, तपकिरीची डबी काढतात, आणि मात्रा पुऱ्या व्हायच्या आधीच गज माझ्यावर आपटतात. धाडकन. सगळ्यांच्या मध्ये. लग्नात भलत्याच वेळी कुणी टाळ्या वाजवाव्यात तसं होतं.

आणि मग खरी गंमत. सरकार गज वर करतात, सगळे थांबतात, आणि तिघंही एका सुरात म्हणतात, "माफी असावी सरकार, आमचंच चुकलं."

"असू दे, असू दे," सरकार म्हणतात. "पुन्हा सुरुवातीपासून. जरा लक्ष देत जा."

ही या घरची रीत. सरकारांच्या वडिलांच्या काळापासून चालत आलेली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी समजू शकतो. पण इथे अंगणच उठून म्हणतं, होय सरकार, मीच वाकडं! इतकी वर्षं दर गुरुवारी माफी ऐकून सरकारांची पक्की खात्री झाली आहे की या घरात तालाचा पक्का माणूस एकच, तो म्हणजे ते स्वतः. त्यामुळे व्हिएन्नाहून मागवलेली कुठलीही रचना आमच्याकडे शेवटापर्यंत कधी गेलीच नाही. रचना संपते कशी, हे मठाबाहेर पडल्यापासून मी ऐकलंच नव्हतं.

पाहुण्यांना याचं काही नव्हतं. ते चॉकलेट प्यायला यायचे. काउंटेस एलेओनोरा बाईसाहेब तर पत्त्यांच्या टेबलावरून कधी मान वर करायच्या नाहीत. मी त्यांच्या दृष्टीनं शेगडीच्या धुरासारखा, हिवाळ्यात असायचाच.

गेल्या हिवाळ्यात मातेयनं सरकारांपुढे अर्ज केला. आमच्याकडे मालकाच्या परवानगीशिवाय वादकाला लग्न करता येत नाही. त्यानं वेळ चांगली निवडली, सरकारांचं नुकतंच जेवण झालं होतं.

"सरकार, एक मागणं होतं."

"पगार सोडून काहीही माग."

"लग्न करायचंय, सरकार. आपोलेनाशी. स्वयंपाकघरात असते ती."

"चॉकलेट आणते ती?" सरकार दचकले. "अरे, मग चॉकलेट कोण आणणार?"

पाहुणे हसले. सरकारांना आपण विनोद केला हे पाहुण्यांच्या हसण्यावरून कळलं, आणि ते खुशीत आले. खुशीत आलेला मालक रागावलेल्या मालकापेक्षा महाग पडतो, हे मी पाहिलेलं आहे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "या सगळ्यांसमोर शब्द देतो. तुम्हा लोकांचा ताल फार कच्चा झालाय. ज्या गुरुवारी ही नवी रचना एकदाही न थांबता शेवटापर्यंत जाईल, त्या गुरुवारी परवानगी. ताल सुधार आणि बायको ने!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मातेयनं वाकून आभार मानले. वाकलेला असताना त्याचा चेहरा मला दिसत होता. तो चेहरा बघून मला माझ्या चारही तारा एकदम तोडून टाकाव्याशा वाटल्या.

दुपारी दालनात कुणी नसतं. त्या वेळी मातेय माझ्या अंगावरची पावडर पुसायला यायचा आणि आपोलेना शेगडीतली राख काढायला यायची. राख काढायला एवढा वेळ लागत नाही, पण मी कुणाला सांगतोय!

"शब्द दिलाय त्यांनी," मातेय म्हणाला.

"शब्द दिलाय म्हणे!" आपोलेनानं फावडं आपटलं. "त्यापेक्षा म्हणायचं होतं, कोंबडा अंडं देईल त्या दिवशी लग्न कर. तू व्हायोलिन वाजवतोस की सरकारांच्या चुका झाकतोस रे?"

"दोन्ही करतो. पगार चुका झाकण्याचा मिळतो."

"मग सांग ना त्यांना. सरकार, तुम्ही लवकर घुसता म्हणून."

"आणि संध्याकाळी माझं बोचकं फाटकाबाहेर."

"छान. मग मी जन्मभर गिरणीवाल्याचं पीठ मळते." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबांनी सांगितलंय. राखेच्या बुधवारी उपास लागले की ईस्टरपर्यंत लग्नं बंद. त्याआधी तुझं काही झालं नाही, तर ते गिरणीवाल्याला होकार कळवणार. त्याची पहिली बायको जाऊन वर्ष झालं. त्याच्याकडे पीठ कधी संपत नाही, असं म्हणतात बाबा."

मातेय माझी मान पुसत राहिला. पुसून पुसून त्यानं तिथलं वार्निश काढलं असतं.

पुढचे गुरुवार कसे गेले ते विचारू नका. पहिल्या गुरुवारी मातेयनं ठरवलं, सरकार जिथे जातील तिथे आपण मागोमाग जायचं. सरकार लवकर घुसले. तिघंही टुणकन उडी मारून त्यांच्याबरोबर पोचले. झकास जमलं होतं! पण सरकारांना ते वेगळं वाटलं. वेगळं म्हणजे चूक, आणि चूक म्हणजे दुसऱ्याची. गज वर गेला. "माफी असावी सरकार, आमचंच चुकलं."

मग टोबियासनं डोकं चालवलं. फादर फाबियान सरकारांच्या शेजारी बसतात, तर त्यांनी वेळ आली की हळूच पायानं खूण करावी. फादरनी खूण केली. सरकार थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "फादर, आपला पाय माझ्या पायावर आहे." फादर लाजून लालेलाल झाले. पत्त्यांच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

त्यानंतर मातेयनं सरकारांच्या कागदावर गप्प राहायच्या जागी सोपे सोपे स्वर लिहून दिले, म्हणजे हात रिकामा राहणार नाही. ही युक्ती मला सर्वात आवडली होती. सरकारांनी ते स्वर वाजवले. त्यांना ते इतके आवडले की त्यांनी ते पुन्हा वाजवले. पुढचं सांगायला नकोच.

"धीर धर बाळा," फादर फाबियान मातेयला म्हणाले. "देवाच्या मनात असेल तर ईस्टरनंतर होईल."

"ईस्टरनंतर ती गिरणीवाल्याची बायको असेल, फादर. तुम्ही सांगा ना सरकारांना. तुम्हाला ते काढून टाकणार नाहीत."

फादरनी खिडकीबाहेर बघितलं. "माझं वय झालं रे," ते म्हणाले, "आणि चॅपेलची खोली उबदार आहे." निदान खरं बोलले. त्या घरात तेवढंही कुणी बोलत नव्हतं.

अशा रीतीनं कार्निव्हलचा शेवटचा गुरुवार उगवला. त्या दिवशी आमच्याकडे पोटाला तडस लागेपर्यंत खातात, कारण पुढे उपासाचे दिवस असतात. स्वयंपाकघरात सकाळपासून जॅम भरलेले गोळे तळले जात होते आणि तुपाचा वास माझ्या पोटापर्यंत शिरला होता. दालनात माणसं दाटीवाटीनं बसलेली, शेगडी भडकलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आम्हा तारांच्या वाद्यांचे अशा हवेत फार हाल होतात. आपोलेना गोळ्यांचं तबक घेऊन दाराशी उभी होती. तिचे डोळे रडून सुजलेले होते. त्या रात्री तिचे बाबा गिरणीवाल्याकडे जाणार होते.

वाजवणं सुरू झालं. पहिला भाग पार पडला. दुसरा भाग सुरू झाला आणि ती जागा आली. सरकार गप्प झाले. तिघं वाजवू लागले. मी श्वास रोखून धरला.

सरकारांनी मान डोलावली. तपकिरीची डबी चाचपली, ती त्या दिवशी कोटात नव्हती. हाताला काहीतरी चाळा हवाच. मग त्यांना वाटलं, चेलो जरा उतरलाय. त्यांनी माझी खुंटी धरली आणि पिळली. आणखी पिळली. मी किंचाळलो, पण तिकडे कोण लक्ष देतो! सगळ्यात बारीक तार फटकन तुटली आणि सरकारांच्या गालावर चाबकासारखी बसली.

ती मी मुद्दाम तोडली असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण तसं नाही. ती शेगडीनं आणि सरकारांच्या चाळ्यानं तुटली.

सरकारांनी गाल धरला. गज खाली पडला. मातेयनं ते बघितलं. मी त्याच्याचकडे बघत होतो, त्यानं नक्की बघितलं. रीतीप्रमाणे त्यानं तिथेच थांबायला हवं होतं. त्याचा हात एक क्षण अडखळला. मग त्यानं मान खाली घातली आणि वाजवत राहिला. टोबियासचा चेहरा पांढरा पडला, पण मातेय थांबत नाही म्हटल्यावर तोही थांबेना. फादरनी कागदावरून डोळे वर केलेच नाहीत.

आणि रचना पुढे गेली. मी कधी न ऐकलेली वळणं आली. तिसरा भाग आला, नाचरा, खट्याळ. मग शेवटचा. पाया नसलेल्या घरासारखं वाजत होतं ते, माझी जागा सगळीकडे रिकामी होती, तरी मला तिथून हलावंसं वाटेना. बोलणारे गप्प झाले. शेवटचा स्वर लागला. काउंटेस बाईसाहेबांच्या हातातले पत्ते तसेच हातात होते.

मग टोबियास आणि फादर फाबियान एका सुरात म्हणाले, "माफी असावी सरकार, आमचंच चुकलं."

काय करावं या लोकांना! बरोबर वाजवलं म्हणून माफी मागितली!

आणि सरकारांनी ती दिलीसुद्धा. "असू दे," गाल चोळत ते म्हणाले. "नवी तार आणा. पुन्हा सुरुवातीपासून."

"नको!"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. आपोलेना तबकासकट दोन पावलं आत आली होती.

"नको सरकार, पुन्हा नको. संपलं ना! एकदाचं संपलं! इतके दिवस हे लोक तुमच्यासाठी थांबतात आणि माफी मागतात. चुकता तुम्ही. तुम्हाला गप्प बसवत नाही. आज गप्प बसलात, तर झालं की नाही सगळं नीट?"

फादर फाबियाननी छातीवर क्रूस काढला. मातेय उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बस, एवढंच केलं त्यानं, पण सगळ्यांसमोर केलं.

सरकारांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता दोघांची बोचकी फाटकाबाहेर. तेवढ्यात काउंटेस बाईसाहेबांनी पत्ते खाली ठेवले.

"अहो, न थांबता शेवटापर्यंत गेली तर परवानगी, असंच म्हणाला होतात ना तुम्ही?"

"माझ्याशिवाय गेली ती, एलेओनोरा."

"तुम्ही त्यात असायलाच हवं, असं कुठे म्हणाला होतात? मी आज पहिल्यांदा ऐकलं. छान आहे हो." त्या पाहुण्यांकडे वळल्या. "तुम्ही सगळे साक्षीदार आहात, नाही का?"

पाहुण्यांना गोळे हवे होते. सगळ्यांनी होकार भरला.

सरकारांनी खाली पडलेला गज उचलून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, "करा लग्न." आणि उठून निघून गेले. जाताना त्यांनी मला खुर्चीला टेकवून ठेवलं. नेहमी ते मला टोबियासच्या अंगावर ढकलतात.

राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, सोमवारी लग्न झालं. लग्न झालेल्या नोकरांना महालात राहता येत नाही. मातेयला पलीकडच्या गावात शाळामास्तरची जागा मिळाली. रविवारी तो तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. आपोलेना त्याच्याबरोबर गेली. ऐकतो की सुखात आहेत. मला आनंद आहे. पण माझी मान आता कुणी पुसत नाही.

ब्रनोहून नवा व्हायोलिनवाला आणलाय. हुशार आहे, अदबीचा आहे. पहिल्याच गुरुवारी सरकार लवकर घुसले, तेव्हा तो म्हणाला, "माफी असावी सरकार, माझंच चुकलं." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मात्र एक बदल झालाय. सरकार आता "असू दे" म्हणत नाहीत. गज खाली घेतात आणि विचारतात, "कुणाचं चुकलं?"

"माझं, सरकार," नवा म्हणतो.

"छे, माझंच," टोबियास म्हणतो.

"दोष माझाच आहे," फादर म्हणतात.

"खरं सांगा. मी रागावणार नाही. माझं चुकलं का? कुठे चुकलं?"

तिघंही कागदात बघतात. सरकार खरोखर विचारताहेत हो! साठीला आलेला माणूस लहान मुलासारखा विचारतोय, आणि सांगायला कुणी नाही. जिनं एकदा सांगितलं ती तर लग्न होऊन गेली. तुमच्यापैकी कुणाला कुठल्या गुरुवारी या बाजूला येणं झालंच, तर चॉकलेट पिऊन, मान डोलावून जाऊ नका. त्यांच्या एका तरी प्रश्नाचं उत्तर देऊन जा. मी फार वैतागलोय, पण त्यांच्यावर नाही.

परवा पाहुणे गेल्यावर सरकार मला घेऊन एकटेच बसले. कान माझ्या मानेजवळ आणला आणि हळू आवाजात म्हणाले, "तू तरी सांग रे."

मग त्यांनी गज ओढला. त्यांनी जो स्वर दाबला होता, तोच माझ्यातून निघाला.